समेटाचं पाणी

आमच्या मंडळीत कुणी कुणाची माफी मागत नसे. पाणी मागत असे.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्या तोंडाकडे बघतच राहतो. पण खोटं नाही. लातूरला आमची ख्रिस्ती गल्ली होती, लहानशी, आणि तिच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, आजही म्हणतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असायचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकरी घ्यायची. ज्यांचं भांडण असेल त्यांनी ते मिटवल्याशिवाय त्या भाकरीला हात लावायचा नाही, असा नेम होता. मिटवायचं कसं, तर ज्याची चूक असेल त्यानं दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणायचं, "पाणी द्या." दुसऱ्यानं पाणी दिलं, पहिल्यानं ते पिऊन पेला उंबऱ्यावर उपडा ठेवला, की समेट झाला. मग त्या गोष्टीचं परत नाव काढायचं नाही.

हा नेम आजोबांच्या पिढीनं घातलेला. त्या माणसांना गावच्या विहिरीवर कुणी चढू दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरचं पाणी म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय 'माफ करा' हे शब्द आमच्याकडे दारात आलेल्या भिकाऱ्याला वाटेला लावायला वापरतात. "माफ करा बाबा, पुढं बघा." आता भांडलेल्या शेजारणीला तेच कसं म्हणणार? आणि क्षमा हा शब्द व्यासपीठावरचा. तो घरात कुणी उच्चारला की आम्हा पोरींना हसूच फुटायचं.

लहानपणी मला हा नेम फार आवडायचा. आई आणि शेजारची बाई दर महिन्याला वाळवणाच्या दोरीवरून भांडायच्या आणि शनिवारी एकमेकींकडे पाणी पिऊन यायच्या. पाण्यामागून चहा व्हायचा, चहामागून गप्पा. मला तर वाटायचं, चहासाठीच भांडतात या.

मी सांगतेय ते साल निराळं होतं. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांना जागा सापडत नव्हत्या, पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं लिहिणं चाललं होतं, आणि रिक्षावाल्यांना एकदम भाव आला होता. पावसानं मात्र तोंड फिरवलं. जिल्हा आला आन पाणी गेलं, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. उन्हाळ्यात आमचा हापसा नुसती हवा ओकायचा. दांडा मारून मारून खांदे निखळायची वेळ यायची, तेव्हा कुठं एक घागर भरायची. भांडणंही तेवढ्यासाठीच, आणि भांडण मिटवायचं तर पाणीच द्यायचं. त्या उन्हाळ्यात लोकांनी भांडायचंच कमी केलं होतं. परवडत नव्हतं ना!

घरात आम्ही तिघी. वडील माझ्या लहानपणीच गेले. आई सरकारी दवाखान्यात आया होती. मी डी.एड. करत होते आणि माझी जीभ तेव्हाही अशीच होती. आणि अक्का, माझी मोठी बहीण. तिला देगलूरला दिली होती, पण दिवाळीच्या आधी ती परत आली ती राहिलीच.

दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, देगलूरला शिवणकामाचं दुकान होतं. माणूस दिसायला नीटनेटका, बोलायला साखर. पेटी वाजवायचे, आणि गळा असा की त्यांनी भजन उचललं की म्हातारी माणसं डोळे मिटून घ्यायची. विडी नाही, तंबाखू नाही, दारूला तर शिवत नसत. दारू पीत असते तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलंय. मंडळीला दोष कशाला द्यायचा ते तरी कळलं असतं. कापड मोजायच्या लोखंडी गजानं मारायचे. आधी माप घेताना उभे राहतात तसे शांत उभे राहायचे, मग मारायचे. मारून झालं की गुडघे टेकून प्रार्थना करायचे, आणि अक्कालाही शेजारी बसवायचे. हे तिनं मला एकदाच सांगितलं, परत कधी नाही. ती आली तेव्हा तिचं डावं मनगट सुजून टरटरलेलं होतं. दवाखान्यात नीट करूनही ते पुरतं वळेना. तिची भाकरी तेव्हापासून एका बाजूनं जाड व्हायला लागली.

मंडळीनं तिला आमच्या देवळाच्या बालवाडीत मुलं सांभाळायला ठेवून घेतलं होतं. दिवसभर ती पोरांत रमायची. हळूहळू हसायलाही लागली होती.

आणि मग तो शनिवार आला. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन. भर दुपारची वेळ, पत्रा नुसता तापलेला. आई रात्रपाळी करून येऊन पडली होती, मी पुस्तक घेऊन बसले होते, अक्का हापशावर नंबर लावून उभी होती. दारात आवाज आला, "मामी, पाणी द्या."

दाजी उभे होते. पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. त्यांच्या मागं त्यांची आई, वाळून कोळ झालेली म्हातारी. तिला आम्ही अक्काच्या नात्यानं आत्याबाई म्हणायचो. अहमदपूरला गाडी बदलून आले होते दोघं, स्टँडवरून चालत. आत्याबाई बोलल्या नाहीत काही, पायरीवर बसल्याच.

आई झोपेतून उठलेली. घरात एकच घागर, तीही अर्धी. तिनं आधी म्हातारीला दिलं. म्हातारी घटाघटा प्याली, परत पेला पुढं केला, आईनं परत भरला. मग दाजींना दिलं. आईच्या जागी मी असते तर दार लावून घेतलं असतं, असं मी पुढं पुष्कळ जणांना सांगितलं. पण खोटं कशाला बोलू, मीही दिलंच असतं. त्या उन्हात दारात आलेल्याला कोण नाही म्हणेल?

दाजी सावकाश प्याले. रुमालानं ओठ टिपले. मग वाकले आणि पेला उंबऱ्यावर उपडा ठेवला.

"झालं मग, मामी," ते हसून म्हणाले. "प्रभूची दया." आणि म्हातारीला उठवून आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांच्या घराकडे चालायला लागले.

आई उपड्या पेल्याकडे बघत राहिली. मग मटकन खालीच बसली. "अगं बाई, फशिवलं की गं मला त्यानं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तहान त्यांना लागली होती, ते खोटं नव्हतं. पण नेमही त्यांना पाठ होता, आणि दुष्काळात पाणी मागितल्यावर कुणी कारण विचारत नाही हेही ठाऊक होतं. दोन्ही एकाच पेल्यातून प्याले ते. अक्का घागर घेऊन आली, तिनं उंबऱ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता घागर खाली ठेवली.

दिवेलागणीला पाळकसाहेब आले. सायकल भिंतीला टेकवून, टोपी काढून, नेहमीसारखे हळू. वाईट माणूस नव्हता तो. मला अक्षरं त्यांनीच शिकवली होती, वडील गेले तेव्हा महिनाभर रोज घरी येऊन बसले होते. म्हणून तर त्यांच्यावर नीट रागावताही यायचं नाही.

"बाई, तुमच्या हातून फार मोठं काम झालं," ते आईला म्हणाले.

"साहेब, मी तहानेल्या माणसाला पाणी दिलं. समेटाचं न्हाई दिलं."

"पाणी ते पाणी, बाई. घरचं पाणी म्हणजे घराचा शब्द. जावईबापू सगळ्यांना सांगून आले आहेत. उद्या देवळात दोघांना उभं करू, प्रार्थना करू, आणि दुपारच्या गाडीनं लेक नांदायला जाऊ द्या."

"आन त्यानं परत हात उचलला तर?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. मग ते समजावायला लागले. प्रभूनं दुसऱ्याचा अपराध सोडून द्यायला सांगितलंय आणि कितीदा ते मोजू नका म्हणालाय. वैऱ्यालाही जीव लावायला सांगितलंय. वाइटाला आडवं जाऊ नका, असंही शिकवलंय. सगळं आम्हाला माहीत होतं. रविवारच्या शाळेत तेच ऐकत मोठ्या झालो होतो आम्ही.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "आडवं जाऊ नका म्हंजे काय, साहेब? ज्वारीत बैल शिरला तर बैलाला कुऱ्हाड घालू नका, हे कळतंय मला. पण त्याला बाहेर तर काढायचा का न्हाई? का म्हणायचं, खा बाबा, पोटभर खा?"

"जावई म्हणजे बैल नव्हे, बाई."

"बैल बरा," मी म्हणाले. आईनं असं बघितलं माझ्याकडे की मी पुस्तकात तोंड घातलं.

पाळकसाहेब अक्काकडे वळले. "पोरी, तुझ्या मनात त्यांच्याविषयी राग आहे का?"

अक्का चुलीपाशी बसली होती. तिनं विचार केला, खरंच केला. "न्हाई, साहेब. दवाखान्यात पडले होते तवा लई होता. रोज मागायचे देवाला, ह्याचे हात झडू दे म्हणून. मग एक दिवस मागायचं इसरले. आता राग न्हाई. भीती हाय. रागासंगं भीती पण जाईल असं वाटलं होतं, पण ती काय जात न्हाई."

"म्हणजे त्यांनी केलं ते तू सोडून दिलंस."

"हाव. सोडलं."

"मग अडचण कुठं आहे?" पाळकसाहेब म्हणाले, आणि इतक्या मायेनं म्हणाले की मला रडूच आलं. जाता जाता दारात थांबले. पाणी देऊन शब्द फिरवला तर मंडळीच्या पंचांना काहीतरी करावं लागेल, आईला प्रभुभोजनाला बसता येणार नाही, आणि बालवाडीही मंडळीचीच आहे, हे सांगताना त्यांची मान खाली होती.

ते गेल्यावर अक्का उठली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली.

"काय करतेयस?" मी म्हणाले.

"जाते मी."

"डोकं फिरलं का तुझं? मारून टाकील एक दिवस तो तुला!"

"हळू बोल. भिंती पत्र्याच्या हायत." घडी घालता घालता ती म्हणाली, "आईनं आजवर एक प्रभुभोजन चुकवलं न्हाई. आजारी असली तरी जाऊन बसते. माझ्यापायी ती दाराबाहेर बसणार? त्यापेक्षा मी जाते."

आईनं पिशवी ओढून घेतली, अक्कानं परत ओढली. दोघींची ओढाताण चालली. शेवटी आई हरली. पदर तोंडात कोंबून रडायला लागली ती. मी आईला रडताना फार कमी वेळा बघितलंय.

सकाळी देऊळ भरलं होतं. पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं सतरंजीवर. अक्कानं पिशवी मांडीशी घेतली होती. आत्याबाई आमच्याच ओळीत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. दाजी पेटीवर. त्यांनी भजन असं म्हटलं की शेवटची ओळ संपल्यावर कुणाला लगेच प्रार्थना सुरू करवेना. एवढ्या गोड गळ्याचा माणूस असा असेल, हे मी स्वतः अक्काचं मनगट बघितलं नसतं तर मलाही पटलं नसतं.

भाकरीच्या ताटावर पांढरं फडकं होतं. ते काढायच्या आधी पाळकसाहेबांनी समेट सांगितला आणि दोघांना उभं राहायला सांगितलं. दाजी हात जोडून उभे राहिले. अक्काही उभी राहिली, पिशवी हातात घेऊनच.

"मनापासून सोडलंस, पोरी?"

"सोडलं."

"मग यांच्याबरोबर नांदायला जाशील?"

अक्का हातातल्या पिशवीकडे बघायला लागली. तेवढ्यात आई उठली. आमची आई, जी देवळात खोकलासुद्धा पदरात दाबायची!

"साहेब, ते पाणी तहानेचं होतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलत न्हाई. मला भायेर बसवा, चालतंय. पण माझ्या पाण्यावर माझी पोरगी नेऊ नका."

पुरुषांच्या बाजूला कुजबूज झाली. एक पंच मोठ्यानं म्हणाले, "असं कसं? दिलं की दिलं. उद्या कुणी पण म्हणेल, तहानेचं होतं." आणि त्यांचंही चुकत नव्हतं, नेम मोडला की मोडला. पाळकसाहेब गोंधळून ताटाकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं, गेली अक्का.

"पाणी मी बी प्याले."

कोण बोललं ते आधी कळेना. भिंतीपाशी आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. लग्नात, बारशात, कुठंच मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. देगलूरकडची त्यांची बोली, थोडी तेलुगू वळणाची.

"दोन पेले प्याले. म्हंजे समेटात मी बी हाय. मग माझं बी ऐका." त्यांनी भिंतीला एक हात लावला होता. "ही पोरगी धाडू नका. आली तर हिला मारील. आली न्हाई तर मला मारतो. मी म्हातारी, मला चालतंय..." त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना आत्ताच ऐकू आल्यासारखं वाटलं मला. "न्हाई. मला बी चालत न्हाई."

त्यांनी लेकाकडे बघितलं.

"माझ्या पोटचा हाय तो. माझा जीव हाय त्याच्यावर, कुणाचा नसंल तेवढा. म्हणून सांगते. मारून मारून तो कसा झालाय, हे मी बघते रोज. हिला त्याच्या हाती दिली तर तो आणखी बुडंल. त्याला बुडवू नका."

दाजी वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. आवाजही चढवला नाही त्यांनी, अगदी हळू, गोड म्हणाले, "आई, खाली बस."

आणि आत्याबाई बसल्या. शब्द पुरा व्हायच्या आत बसल्या, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

अक्कानं महिनोन्‌महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं, ते त्या एका बसण्यात सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. मघाचे पंच खाली बघायला लागले. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला.

मग आत्याबाईंनी हात खाली घेतले. भिंतीला धरून, एक एक गुडघा सोडवत, परत उभ्या राहिल्या.

"न्हाई बसत," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांचे डोळे भरले होते. ते खाली उतरून दाजींपाशी गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, आज तुम्ही एकटेच जा. भाकरीलाही आज हात लावू नका. तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करीन, पण पोरगी देणार नाही." दाजींनी इकडंतिकडं बघितलं. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी उठलं नाही. चपला घालून ते उन्हात निघून गेले. अक्का पिशवी तिथंच टाकून आत्याबाईंपाशी गेली आणि त्यांना मिठी मारून ढसाढसा रडली.

आत्याबाई पुढं आमच्याकडेच राहिल्या, शेवटपर्यंत. दोघी सासूसुना एका अंथरुणावर झोपायच्या आणि कालवणातल्या मिठावरून भांडायच्या. मी नोकरीला लागून नांदेडला आले, तरी सुट्टीत घरी गेले की आत्याबाई पहिल्याच दिवशी मला समोर बसवून लेकाला पोस्टकार्ड लिहायला लावायच्या. खोकला गेला का, जेवतोस का वेळेवर, दुकान कसं चाललंय, एकदा येऊन जा. आणि मला ते लिहायचा एवढा कंटाळा यायचा, राग यायचा म्हणा ना! एकदा मी पेन ठेवून विचारलंच, "आत्याबाई, इतकं सगळं झाल्यावर अजून त्यांना ये म्हणून लिहायचं?"

"लिही की. माझंच हाय ते, टाकू कुठं?" त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघितलं, तिथं अक्का बालवाडीतल्या पोरांना घेऊन खेळत होती. "पण हे बी लिही, की आलास तर मी दारात बसलेली असंन. माझ्यावरनं पाय टाकून आत जावं लागंल."